गाण्याचा आत्मविश्वास नसलेल्या ज्येष्ठ महिलांसाठी सोपी जपानी कराओके गाणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानमध्ये मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला गेलेल्या, नोकरीनिमित्त तिथेच स्थायिक झालेल्या, किंवा पुण्यात हौसेने जपानी भाषा शिकलेल्या मराठी महिलांना कधी ना कधी कराओकेचे आमंत्रण येते. आमंत्रण देणारी जपानी शेजारीण बहुधा त्यांच्याच वयाची असते, आणि अनेकदा तिलाही स्वतःच्या गळ्याची तेवढीच धास्ती असते. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या आणि ‘मला गाता येत नाही’ असे मनाशी पक्के ठरवून बसलेल्या या दोघींसाठी पुढील प्रश्नोत्तरे लिहिली आहेत.

माझा सूर लागत नाही. तरीही मी कराओकेला जावे का?

अवश्य जावे, कारण कराओकेचे यंत्र मुळात गायक नसलेल्यांसाठीच तयार झाले. कोबे शहरातील इनोउए दाइसुके हे वादक मद्यालयांमध्ये येणाऱ्या ग्राहकांच्या गाण्याला साथ करीत असत. त्यांच्या एका नेहमीच्या ग्राहकाने सहलीला साथीसाठी येण्याची गळ घातली. स्वतः जाणे शक्य नसल्यामुळे त्यांनी त्या गृहस्थांना झेपेल अशी साथ फितीवर मुद्रित करून दिली. याच अनुभवातून १९७१ मध्ये नाणे टाकून चालणारे त्यांचे ‘एट ज्यूक’ हे यंत्र उभे राहिले. त्याआधी, १९६७ मध्ये, नेगिशि शिगेइचि यांनीही अशाच प्रकारचे यंत्र तयार केले होते. इनोउए यांनी आपल्या यंत्राचे एकस्व घेतले नाही, आणि ते जगभर पसरले. गाणाऱ्याने साथीच्या मागे धावायचे नाही, साथीने गाणाऱ्याला सांभाळून घ्यायचे, ही त्या फितीमागची कल्पना आजच्या यंत्रांतही टिकून आहे. पट्टी बदलणे, लय कमी करणे, मार्गदर्शक सूर वाढवणे या सगळ्या सोयी त्याचसाठी आहेत. त्या वापरण्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही.

सोपे गाणे ओळखायचे कसे?

बहुतेक जणी गाणे निवडताना ते आवडते की नाही आणि संथ आहे की नाही, एवढेच पाहतात. संथ गाणे सोपे असते हा समज मात्र बराचसा चुकीचा आहे. संथ गाण्यात स्वर लांबवर धरावे लागतात. दम पुरत नसेल तर शेवटी आवाज थरथरतो, आणि प्रत्येक स्वरावर बराच वेळ थांबावे लागत असल्यामुळे बेसूर झाल्यास ते लगेच कानाला खटकते. त्याउलट चालण्याच्या गतीचे, मध्यम लयीचे आणि छोट्या ओळींचे गाणे पुढे पुढे सरकत राहते, एखादा सूर हुकला तरी पुढची ओळ लगेच येऊन आधार देते.

माझ्या मते गाणे पारखताना सर्वांत आधी त्याचा आवाका पाहावा, म्हणजे सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या सुरातील अंतर पाहावे. हे अंतर एका सप्तकाच्या आसपास असेल, तर योग्य पट्टीत ते गाणे जवळजवळ कोणालाही झेपते. दोन ओळींच्या मध्ये श्वास घ्यायला जागा आहे का आणि एकच चाल कडव्यामागून कडव्यात परत येते का, हेही पाहण्यासारखे आहे. चाल तीच असेल तर पहिले कडवे अडखळत गेले तरी तिसऱ्या कडव्यापर्यंत गळा मोकळा होतो. जुन्या जपानी गाण्यांत बहुधा एका स्वरावर एकच अक्षर असते, त्यामुळे शब्दांची घाई होत नाही. अलीकडच्या गाण्यांत मात्र एका मात्रेत तीन-चार अक्षरे कोंबलेली असतात आणि भाषा येत असूनही जीभ अडखळते.

अगदी पहिले गाणे कोणते घ्यावे?

मला कोणी एकच नाव विचारले, तर मी ‘शिकि नो उता’ हे सांगेन. आराकि तोयोहिसा यांनी शब्द आणि चाल दोन्ही रचलेले हे चार ऋतूंचे गाणे १९७६ मध्ये सेरिझावा योको यांच्या आवाजात घरोघरी पोहोचले. प्रत्येक कडवे एका ऋतूचे आहे आणि त्या ऋतूवर प्रेम करणाऱ्या माणसाचा स्वभाव त्यात सांगितला आहे : वसंत आवडणारा तो मित्र, उन्हाळा आवडणारे ते वडील, शरद आवडणारा तो प्रियकर, आणि हिवाळा आवडणारी ती बर्फ विरघळवणाऱ्या जमिनीसारखी मोठ्या मनाची आई. चारही कडव्यांची चाल एकच, ओळी आखूड, कुठेही अचानक उडी नाही. कडव्याचा क्रम ऋतूंचाच असल्यामुळे तो पाठ करण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय हे गाणे साठीच्या पुढच्या जपानी महिलांना इतके परिचयाचे आहे, की आईच्या कडव्यापर्यंत सोबतच्या मैत्रिणीही बहुधा गुणगुणू लागतात. ज्या गाण्यात बाकीच्यांचा आवाज आपोआप मिसळतो ते गाणे संकोची गळ्याला फार मोलाचे असते.

त्याच्या जोडीला ‘बारा गा साइता’ हे गाणे घ्यावे. माइक माकि यांनी १९६६ मध्ये गायलेल्या या गाण्यात एका उदास बागेत उमललेल्या लाल गुलाबाची गोष्ट आहे. शब्द थोडे आहेत आणि तेच तेच पुन्हा येतात, आवाका लहान आहे, आणि जपानी भाषेचे पहिले पाऊल टाकणाऱ्या व्यक्तीलाही ते एका दुपारी बसते.

‘उए ओ मुइते आरुको’ हे तिसरे नाव. साकामोतो क्यू यांचे १९६१ चे हे गाणे १९६३ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले होते, त्यामुळे भारतातही अनेकांनी त्याची चाल ऐकलेली असते. लय चालण्याची आहे. साकामोतो यांचा आवाज मधूनमधून हलका उचकतो, ती त्यांची खासियत आहे; तिची नक्कल करू नये, सूर सरळ घ्यावा. मध्ये शिट्टीचा भाग येतो, तेव्हा विसावा मिळतो, किंवा शिट्टी वाजवता येणारी एखादी मैत्रीण तो भाग आनंदाने उचलते.

माझी जपानी मैत्रीण पासष्टीची आहे. तिच्या आवडीचे कोणते गाणे सोपे ठरेल?

ज्येष्ठ जपानी महिला म्हणजे एन्का, म्हणजे जुन्या वळणाची भावपूर्ण जपानी गाणी, हे समीकरण आता मोडीत निघाले आहे. आज पासष्टीच्या घरात असलेली स्त्री १९७० च्या दशकात शाळा-कॉलेजात होती. तिच्या मनात घर करून बसलेली गाणी गायिका यामागुचि मोमोए यांची, किंवा कॅन्डीज आणि पिंक लेडी या गायिकांच्या चमूंची असतात. एन्का आणि त्याआधीची गाणी तिच्या आईची.

या पिढीच्या गाण्यांत यामागुचि मोमोए यांची गाणी मला विशेष उपयोगी वाटतात, कारण त्यांचा आवाज तरुणपणीही भारदस्त आणि खालच्या पट्टीचा होता. तानिमुरा शिन्जि यांनी रचलेले १९७८ चे ‘इइ हि ताबिदाचि’ आणि सादा मासाशि यांनी रचलेले १९७७ चे ‘कॉसमॉस’ ही दोन्ही गाणी अनेक ज्येष्ठ महिलांना मूळ पट्टीत, फार झाले तर एक-दोन पायऱ्या खाली घेतल्यावर, सहज येतात. ‘कॉसमॉस’मध्ये लग्नाच्या आदल्या दिवशी आईकडे पाहणाऱ्या मुलीचे मन आहे. त्याचा सुरुवातीचा भाग जवळजवळ बोलल्यासारखा आहे, म्हणून ज्यांना ‘गाणे’ या कल्पनेचीच भीती वाटते त्यांनी तो शांतपणे बोलावा. सूर मागाहून येतो.

१९६८ च्या अखेरीस आलेले इशिदा आयुमि यांचे ‘ब्लू लाइट योकोहामा’ हे थोड्या आधीच्या पिढीचे. त्सुत्सुमि क्योहेइ यांची चाल ठेकेदार आहे आणि इशिदा यांनी ती फारसा भाव न ओतता, सरळ आवाजात गायली आहे, त्यामुळे त्या गाण्याला सरळ आवाजच शोभतो. कोयानागि रुमिको यांचे १९७२ चे ‘सेतो नो हानायोमे’ हेही असेच. सेतोच्या समुद्रातल्या एका बेटावरून दुसऱ्या बेटावर लग्न करून जाणारी नवरी आणि ‘जाऊ नको’ म्हणून रडणारा तिचा धाकटा भाऊ त्यात आहेत, आणि सासरी गेलेल्या कोणत्याही बाईला ते समजावून सांगावे लागत नाही. मधला भाग वर चढतो, म्हणून पट्टी आधीच दोन पायऱ्या उतरवून ठेवावी.

तेरेसा तेंग या तैवानच्या गायिकेची ‘त्सुगुनाइ’ (१९८४) आणि ‘तोकि नो नागारे नि मि ओ माकासे’ (१९८६) ही गाणी हळुवार, कानात सांगितल्यासारखी गायली जातात. ज्यांचा आवाज लहान आहे त्यांनी ही गाणी जरूर घ्यावीत, कारण मोठ्याने गायली तर ती बिघडतात.

सोपी वाटतात पण फसवतात, अशी गाणी कोणती?

या यादीत सर्वांत वर ‘कावा नो नागारे नो यो नि’ येते. मिसोरा हिबारि यांचे १९८९ च्या जानेवारीत आलेले हे गाणे त्याच वर्षी जूनमध्ये झालेल्या त्यांच्या निधनामुळे जपानी मनात खोलवर रुतले आहे, आणि भावनेच्या भरात प्रत्येकीला ते गावेसे वाटते. पण त्याची कडवी खालच्या सुरात रेंगाळतात आणि ध्रुवपद एकदम वर उसळते. हिबारि तिथे छातीचा आवाज सोडून हलक्या, डोक्यातून येणाऱ्या आवाजात जातात. पट्टी वर ठेवली तर ध्रुवपद फाटते, खाली घेतली तर कडवी ऐकू येत नाहीत. दोन आवाजांमधला हा बदल अंगवळणी पडेपर्यंत ते बाजूला ठेवावे.

‘नादा सोसो’ या गाण्याचे शब्द मोरियामा र्योको यांनी आपल्या दिवंगत मोठ्या भावाच्या आठवणीत लिहिले, चाल ‘बिगिन’ या ओकिनावाच्या चमूची आहे, आणि २००१ मध्ये नात्सुकावा रिमि यांनी गायल्यानंतर ते सर्वत्र पोहोचले. तेही शांत सुरू होऊन ध्रुवपदात उंच जाते. इशिकावा सायुरि यांचे ‘आमागि गोए’ तर कसलेल्या गळ्यांची परीक्षा पाहते.

एका बालगीताचाही इथे उल्लेख करायला हवा. यामादा कोसाकु यांनी चाल दिलेले ‘आकातोम्बो’ हे लाल चतुराचे गाणे दिसायला अगदी छोटे, पण त्याचा आवाका एका सप्तकाच्या पुढे आणखी चार स्वरांपर्यंत जातो आणि तोही पहिल्याच ओळींत. बालगीत म्हणून ते विश्वासाने निवडले जाते आणि सुरुवातीलाच आवाज अडकतो. १९१४ पासून शाळांत गायले जाणारे ‘फुरुसातो’ त्या मानाने फार समंजस आहे.

वयाबरोबर आवाज खाली गेला आहे. पट्टी कशी बदलावी?

रजोनिवृत्तीनंतर संप्रेरके बदलतात, स्वरतंतू काहीसे जाड होतात आणि बहुतेक स्त्रियांचा आवाज खाली उतरतो. तरुणपणी सहज लागणारा वरचा सूर आता लागत नाही म्हणजे गळा गेला, असे नव्हे. गळ्याची पट्टी बदलली, एवढेच. पेटीवर गाणाऱ्या बाईने पांढरी पाच सोडून काळी दोन धरण्यासारखेच हे आहे.

खोलीत मिळणाऱ्या स्पर्शपटलावर किंवा यंत्राच्या दर्शनी भागावर पट्टीचे बटण असते. त्यावर ‘की’ हा शब्द काताकाना लिपीत असतो आणि शेजारी वर-खाली करण्याच्या खुणा असतात. एकदा दाबले की पट्टी अर्ध्या स्वराने बदलते. बारा वेळा बदलली तर पूर्ण सप्तक होते. मूळ पट्टीवर परत येण्यासाठी वेगळे बटण असते.

पट्टी ठरवताना गाण्याच्या सुरुवातीवर विसंबू नये. बहुतेक गाणी आरामात सुरू होतात आणि ध्रुवपदात वर जातात. म्हणून आधी सर्वांत उंच ओळ गाऊन पाहावी. ती म्हणताना हनुवटी वर उचलली जात असेल, खांदे ताठ होत असतील किंवा घसा आवळल्यासारखा वाटत असेल, तर दोन पायऱ्या खाली यावे आणि पुन्हा पाहावे. मग सर्वांत खालची ओळ म्हणावी. ती नुसती हवा होऊन निघत असेल तर एक पायरी परत वर जावे. महिलांनी गायलेल्या १९६०-७० च्या दशकांतल्या गाण्यांसाठी अनेक जणींना दोन ते चार पायऱ्या खाली उतरावे लागते. गाणे सुरू असतानाही पट्टी बदलता येते, परंतु नवख्या कानाला तो बदल गोंधळात टाकतो, म्हणून ती आधीच ठरवून घ्यावी.

पुरुषाने गायलेले गाणे मला चालेल का?

चालेल, पण मूळ पट्टीत ते अनेकदा मधेच लटकते : त्याच सुरात गावे तर फार खाली, सप्तकाने वर गावे तर फार उंच. अशा वेळी पट्टी तीन ते पाच पायऱ्या वर नेऊन खालच्या सप्तकातच गावे. सेन मासाओ यांचे १९७७ चे ‘कितागुनि नो हारु’ अशा रीतीने फार छान बसते.

एन्का प्रकार मला जमेल का?

एन्कामध्ये स्वर थरथरवण्याची आणि ‘कोबुशि’ नावाची एक छोटी, गुंडाळलेली हरकत घेण्याची पद्धत आहे. नवख्या गायिकेला वाटते की ती हरकत आली नाही तर गाणेच फुकट, आणि मग ती सूर सोडून हरकतीच्या मागे लागते. तसे करू नये. सरळ सुरात गायलेली एन्का साधी वाटते, वाईट वाटत नाही.

मराठी कानांना इथे एक मोठाच फायदा आहे. अनेक एन्का गाणी ज्या ‘योनानुकि’ स्वरसमूहात बांधलेली असतात त्यात चौथा आणि सातवा स्वर वगळलेला असतो. त्याच्या एका रूपात सा, रे, ग, प, ध एवढेच शुद्ध स्वर उरतात, म्हणजे आपल्या भूपाचेच स्वर. वर सांगितलेले ‘कितागुनि नो हारु’ याच स्वरांत आहे. भूपातल्या भूपाळ्या ऐकत वाढलेल्या बाईला ते परके वाटत नाही, आणि लहानपणी शिकलेली एखादी छोटी मुरकी तिच्या गळ्यातून नकळत निघाली, तर जपानी श्रोते तिला मनापासून दाद देतात.

मला जपानी नीट वाचता येत नाही, किंवा मी शब्द विसरते. मग?

पडद्यावर शब्द येतात आणि म्हणण्याच्या क्षणी त्यांचा रंग बदलत जातो. चित्रलिपीतील अक्षरांवर हिरागाना या उच्चारलिपीत बारीक अक्षरांत उच्चार दिलेला असतो, त्यामुळे हिरागाना येत असेल तर काम भागते. काही यंत्रांवर ठरावीक गाण्यांचे शब्द रोमन अक्षरांतही दाखवता येतात. मला मात्र सर्वांत खात्रीचा वाटतो तो वहीत देवनागरीतून शब्द उतरवून घेण्याचा उपाय. जपानीचे अ, इ, उ, ए, ओ हे स्वर मराठी तोंडाला सोपे आहेत. लक्षात ठेवायचे ते एवढेच, की दीर्घ स्वराला दोन मात्रा लागतात आणि शब्दातला सुटा ‘न’ बहुधा स्वतःची वेगळी मात्रा घेतो. मराठी सवयीने तो मागच्या अक्षराला जोडला की ठेका चुकतो.

शब्द विसरण्याची भीती फारच असेल, तर युकि साओरि यांच्या १९६९ च्या ‘योआके नो स्कॅट’ या गाण्याचा विचार करावा. त्याचा सुरुवातीचा भाग शब्दांविना, नुसत्या ‘लू लू लू’सारख्या अक्षरांवर गायचा आहे. मूळ पट्टी उंच आहे, ती न चुकता उतरवावी.

यंत्रात ‘मार्गदर्शक सूर’ असतो, म्हणजे गाण्याची चाल एखाद्या वाद्यावर बारीक आवाजात वाजत राहते. तिचा आवाज वाढवून घेता येतो. काही गाण्यांना मार्गदर्शक गायकाचा आवाजही जोडता येतो. सुरुवातीला हे दोन्ही खुशाल वापरावे.

एकटीने गायचे धाडस होत नाही. काय करावे?

मग एकटीने गाऊच नये. ‘इत्सुदेमो युमे ओ’ हे हाशि युकिओ आणि योशिनागा सायुरि यांचे १९६२ चे युगलगीत प्रसन्न आणि सोपे आहे. पडद्यावर दोघांच्या ओळी वेगवेगळ्या रंगांत येतात, त्यामुळे केव्हा थांबायचे ते कळते. कॅन्डीज या तिघींच्या चमूचे १९७५ चे ‘तोशिशिता नो ओतोकोनोको’ तीन मैत्रिणींनी मिळून म्हणण्यासाठीच आहे. समूहाला उत्साह आणायचा असेल तर सुइझेन्जि कियोको यांचे १९६८ चे ‘सान्ब्याकु रोकुजूगो हो नो मार्च’ घ्यावे : पावलांच्या ठेक्यावर चालणारे, एका स्वराला एक अक्षर असलेले, आणि सुख आपल्याकडे चालत येत नाही, आपणच त्याच्याकडे चालत जायचे, असे सांगणारे. नव्या गाण्यांपैकी ए-के-बी फोर्टी-एट या चमूचे २०१५ चे ‘सान्ब्याकु रोकुजूगो निचि नो कामिहिकोकि’ हे एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या सकाळच्या मालिकेमुळे आज्या आणि नाती दोघींनाही येते, आणि समूहासाठीच रचलेले असल्यामुळे त्यात फार उंच सूर नाहीत.

यंत्र गुण देते, त्याची धास्ती वाटते.

गुण देणे बंद करता येते आणि सुरुवातीला ते बंदच ठेवावे. यंत्र सुरांचा नेमकेपणा, लांब स्वराची स्थिरता, कंप, हरकती आणि आवाजातला चढउतार मोजते. आवाजातला गोडवा किंवा शब्दांमागची भावना त्याला मोजता येत नाही. जपानमध्ये १९४६ पासून चालत आलेल्या एनएचकेच्या ‘नोदो जिमान’ या हौशी गायकांच्या कार्यक्रमात निकाल घंटांनी दिला जातो : उत्तीर्णाला घंटांची पूर्ण सुरावट, इतरांना एक किंवा दोन टोल. तिथे एका टोलावर परतणाऱ्या आजीबाईंना मिळणाऱ्या टाळ्या अनेकदा उत्तीर्णांपेक्षा कमी नसतात.

मायक्रोफोन कसा धरावा?

ओठांपासून साधारण मुठीएवढ्या अंतरावर, तोंडासमोर सरळ. जाळीवर हात झाकू नये आणि तो ध्वनिक्षेपकाकडे वळवू नये, कान फोडणारी शिट्टी त्यामुळेच वाजते. संकोची महिला बहुधा मायक्रोफोन छातीपाशी नेतात आणि संगीताचा आवाज वाढवून त्यामागे लपतात. याचा परिणाम उलटा होतो : स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून सूर सुटतो, आणि सूर सुटला म्हणून आणखी लपावेसे वाटते. संगीत थोडे कमी करावे, मायक्रोफोन पुरेसा ठेवावा आणि प्रतिध्वनी माफक असू द्यावा. स्वतःला ऐकू येणे हाच सुरात राहण्याचा निम्मा उपाय आहे.

खोलीतल्या कोणत्या रीती सांभाळाव्यात?

प्रत्येकीने आळीपाळीने एकेक गाणे द्यायचे असते. सलग दोन गाणी लावू नयेत. एखादीचे हुकमी गाणे, ज्याला तिथे ‘ओहाको’ म्हणतात, ते तिच्या आधी आपण गाऊ नये, ही न बोलता पाळली जाणारी रीत फार महत्त्वाची आहे. शंका असल्यास सरळ विचारावे. दुसरी गात असताना फोनमध्ये डोके घालू नये. खोलीत खंजिरी किंवा खुळखुळे असतात, ते हलक्या हाताने वाजवावेत. आपले गाणे झेपत नसेल तर पहिले कडवे आणि ध्रुवपद संपल्यावर थांबवण्याचे बटण दाबावे. याला कोणी हार मानत नाही. वेळ कमी असताना पट्टीच्या गायिकाही असेच करतात.

कोणत्या ठिकाणी जाणे सोयीचे?

नवख्या बाईसाठी आठवड्यातल्या कामाच्या दिवशी दुपारची, दोघी-तिघींपुरती छोटी खोली सर्वांत चांगली. दरही त्या वेळी कमी असतात. दरवाजा लावला की बाहेरचे कोणी ऐकत नाही. अशा बंद खोल्यांची सुरुवात १९८५ च्या सुमारास ओकायामा प्रांतात जुन्या मालवाहू डब्यांत यंत्रे बसवून झाली. पुणेकर वाचकांना हे नाव ओळखीचे असेल, कारण सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवरच उभारलेले आहे.

‘कराओके किस्सा’ या छोट्या चहा-कॉफीच्या दुकानांत ज्येष्ठ मंडळी दिवसा जमतात. तिथे अनोळखी लोकांसमोर गावे लागते, पण वय सगळ्यांचे सारखेच असते. ‘स्नॅक’ म्हणवणाऱ्या रात्रीच्या छोट्या मद्यालयांत मालकीणबाई नवख्या पाहुण्याला हाताला धरून गायला लावतात. ओळखीच्या कोणाबरोबर गेल्यास तिथले वातावरण फार घरगुती असते. एकटीने खोली घेऊन सराव करणे जपानमध्ये सर्रास चालते.

सराव कसा करावा आणि वहीत काय टिपून ठेवावे?

एका वेळी एकच गाणे घ्यावे. आधी ते काम करता करता ऐकावे, मग शब्द ठेक्यात नुसते बोलावेत, मग ओठ मिटून चाल गुणगुणावी, आणि त्यानंतरच गावे. प्रत्येक ओळीत श्वास कुठे घ्यायचा तिथे पेन्सिलीने खूण करावी. ज्येष्ठ वयात दम लवकर संपतो आणि चुकीच्या जागी घेतलेला श्वास शब्द तोडतो. गाण्याआधी कोमट पाणी प्यावे, बर्फाचे पेय टाळावे. खोलीत गेल्यावर पहिले गाणे खालच्या, आरामाच्या सुरातले घ्यावे. चढणारे गाणे आवाज तापल्यावर.

वहीत प्रत्येक गाण्यासाठी गायिकेचे नाव, यंत्रावरचा गाण्याचा क्रमांक आणि स्वतःची पट्टी लिहून ठेवावी, उदाहरणार्थ ‘सेतो नो हानायोमे, उणे दोन’. क्रमांक प्रत्येक कंपनीच्या यंत्रावर वेगळा असतो, म्हणून डॅम आणि जॉयसाउंड या दोन प्रमुख प्रकारच्या यंत्रांसाठी दोन रकाने ठेवावेत. अनेक जपानी महिलांच्या पिशवीत अशी वही असते, आणि नव्या मैत्रिणीने मागितली तर त्या आनंदाने ती उतरवून घेऊ देतात.